पालखी टेकेपर्यंत

पडदा वर जातो.

नगरचं एक जुनं थेटर. दुपारचे तीन वाजून गेलेत, छपराचा पत्रा तापलाय, आणि पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढवलेत, म्हणजे तिथे कोण बसणार ते सांगायला नको. रंगमंचावर सतरंजी. मागे कुठल्याशा नाटक मंडळीनं सोडून दिलेला राजवाड्याचा पडदा, त्याचा एक खांब उंदरांनी कुरतडलेला. सतरंजीवर अर्धचंद्रासारखी पाच माणसं. एकाच्या हातात सनई. एकाच्या गळ्यात ताशा. एकाच्या पुढ्यात पायपेटी. डोंगरातला एक काटक माणूस बांबूचा पावा घेऊन बसलेला. आणि एक ताठ उभा, मिशीवाला, काखेत पलटणीतली चामड्याची पिशवी, तिच्यातून काळ्या नळ्या बाहेर आलेल्या. या पाचांच्या बरोबर मध्ये एक घोंगडं घडी घालून ठेवलंय. त्यावर कुणीच नाही.

पाचांपैकी कुणीही अजून वाद्याला तोंड किंवा हात लावलेला नाही. तरी थेटरभर एक सूर चालू आहे. बारीक, सरळ, कुठेही न हलणारा. लोक माना वळवून बघतायत, हा येतोय कुठून?

तो येत होता उजव्या विंगेतून. तिथे पडद्याच्या दोऱ्या आणि वाळूच्या पिशव्या यांच्यामध्ये, रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बसून, पदर कानामागे घट्ट खोचून, चाळिशी ओलांडलेली एक बाई फुंकत होती. कपाळ मोकळं, हात खडी फोडून फोडून फाटलेले. तिचं नाव भागूबाई. राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा. कार्यक्रमाच्या कागदावर बाकी पाचांची नावं होती. तिचं नव्हतं.

आणि त्या नसण्यापाशीच तिचा सगळा हिशेब अडला होता.

भागूबाई वाजंत्र्यांच्या घरात चौदाव्या वर्षी सून म्हणून आली. घरात दोन भाऊ. धाकटा गहिनीनाथ सनई वाजवायचा, थोरला पुंजाराम सूर धरायचा. पुंजाराम म्हणजे भागूबाईचा नवरा. सूर धरणं म्हणजे काय, तर सनईसारखीच एक सनई, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच स्वर निघतो, म्हणून तिलाही सूरच म्हणतात. सनईवाला त्या स्वराच्या खांद्यावर पाय देऊन वर चढतो, खाली येतो, गावभर हिंडतो. सूरवाला आपला तिथेच. गालात वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकानं नवा आत घ्यायचा, आणि सूर तुटू द्यायचा नाही. सनईवाला दम घ्यायला थांबला तरी चालतं. सूरवाल्याला मुभा नाही. पालखी उठायच्या आधी सूर लागला पाहिजे, आणि पालखी जागेवर टेकेपर्यंत तो थांबता कामा नये. आधी सुरू, शेवटी बंद. ही त्या घराची रीत.

पुंजारामाची एक गोष्ट गावात अजून सांगतात. जत्रेत पालखीपुढे चालताना एका कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. पुंजारामानं दुसऱ्या पायानं कुत्रं झिडकारलं, धोतर लाल झालं, पण सूर तसाच. पालखी टेकल्यावर मग तो खाली बसला आणि म्हणाला, आता बघा रे काय चावलं ते.

असा माणूस. पण लग्नात मानाचा फेटा बांधायची वेळ आली की तो सनईवाल्याला. सूरवाल्याच्या हातावर सुपारी. एका वर्षी मोठ्या जत्रेत पहिल्यांदाच भोंगा लावला होता, आणि पंचांपैकी एकजण भोंग्यावरून नावं पुकारत होता. सनईवाल्याचं पुकारलं, संबळवाल्याचं पुकारलं, पेट्रोमॅक्स डोक्यावर धरणाऱ्याचंसुद्धा पुकारलं. भागूबाई बायकांत बसून ऐकत होती. शेवटचं नाव झालं, भोंगा खरखरला आणि बंद झाला. ती घरी येऊन भाकरी थापताना परातीवर एवढे हात आपटत होती की पुंजारामाला हसू आलं.

“सुराला नाव नसतंय भागे,” तो म्हणाला. “नाव सनईला. आपन ऐकू आलो का न्हाई? मग झालं.”

तिचं काही झालं नाही. हे वाक्य तिनं मनात खुंटीला टांगून ठेवलं, ते काही केल्या खाली काढलं नाही.

पुढे पुंजारामाची छाती गेली. वर्षभर अंथरुणाला होता. पडल्या पडल्या करमेना, तेव्हा त्यानं बायकोला खेळ शिकवला. तांब्यात पाणी घ्यायचं, बोरूची नळी बुडवायची आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की हरला. पहिल्या दिवशी तिचे बुडबुडे चार फुंकरीत संपले आणि पाणी नाकात गेलं. पण चूल फुंकण्यात जन्म गेलेल्या बाईची फुंकर काही कच्ची नव्हती. महिन्याभरात तिनं भाजी शिजेपर्यंत तांब्या उकळता ठेवला. गहिनीनाथ घरी रियाज करायचा तेव्हा थोरल्याचा सूर पुरेना, मग तिनंच तो तोंडाला लावायला सुरुवात केली. दार लावून. बाहेरचे समजायचे की पुंजाराम बरा होतोय.

तो बरा झाला नाही. तो गेला, आणि गहिनीनाथाची सनई एकटी पडली. त्यानं भाड्यानं दोन-तीन सूरवाले धरून पाहिले. एकाचा सूर नवरदेव पारावर पोचायच्या आत सुटायचा, दुसरा पीत होता. घरात चांगला सूर असताना बाहेर वणवण. पण लग्नाच्या मांडवात विधवा बाई, आणि तीही वाजंत्री वाजवणारी? असं नुसतं बोललं असतं तरी लोकांनी बैलगाडी परत वळवली असती.

मग आला दुष्काळ. बहात्तर साल. लग्नं थांबली, जत्रा गपचूप नारळ फोडून उरकल्या, वाजंत्र्यांची वाद्यं खुंटीला लागली आणि वाजंत्री खडी फोडायला. पारनेरच्या हद्दीजवळ रस्त्याचं काम निघालं, तिथे भागूबाई आणि गहिनीनाथ गेले. हजेरी लिहायला मिशनच्या शाळेतले शामुवेल मास्तर होते. त्यांनी बाईला नाव विचारलं, मग नवऱ्याचं विचारलं. भागूबाईनं दिराकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. तिनं ते लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, आणि त्यातही पोरींनी पाठीत गुद्दे घातले तेव्हा. गहिनीनाथानं ते सांगितलं, मास्तरांनी लिहिलं.

कामाचा नारळ फोडायचा त्या दिवशी मुकादमानं गहिनीनाथाला सनई वाजवायला सांगितली. सनई सुराशिवाय नागडी. तो इकडेतिकडे बघतोय तोवर भागूबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, दिराच्या पिशवीतून सूर काढला, पदर कानामागे खोचला आणि फुंकला.

माणसं आधी हसली. मग नारळ फुटला, सनई लागली, आणि हसणं विरलं. पण संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर काष्टीच्याच बनुबाईनं सगळ्या बायकांसमोर तोंड सोडलं. म्हणाली, “भागे, नवऱ्याचा धंदा तोंडाला लावलास. आता मिश्या फुटतील बघ तुला.”

“फुटूं दे की,” भागूबाई घागर भरता भरता म्हणाली. “तुज्या मालकाला न्हाईत, त्येला देईन दोन.”

टाकीवर जो हशा झाला त्यात बनुबाईलाही हसू फुटलं, आणि पुढे तीच भागूबाईच्या वाटणीची खडी मधनं मधनं फोडून द्यायला लागली, तिला दुपारी वाजवायला सवड मिळावी म्हणून.

कारण दुपारची सुट्टी आता वाजवण्यात जायची. त्या रस्त्यावर दुष्काळानं कुठकुठली माणसं एका रांगेत आणून बसवली होती. पारनेरकडचा सूर्यभान पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला शेतकरी. तिथे तो पिशवीचा बाजा, म्हणजे बॅगपाइप, वाजवायचा आणि येताना एक जुनी पिशवी घेऊन आला होता. नगरचा दस्तगीर कल्हईवाला, मोहरमात सवारीपुढे ताशा बडवणारा. राजूरच्या डोंगरातून पोटासाठी खाली उतरलेला भीमा ठाकर, पावा कमरेला खोचूनच हिंडायचा. आणि शामुवेल मास्तर, ज्यांनी प्रार्थनाघरातली जुनी पायपेटी दुरुस्तीच्या नावाखाली बैलगाडीत घालून कामावर आणली. ती पेटी इतकी म्हातारी होती की धक्का बसला की कण्हायची. म्हणून तिच्याखाली दोन बांबू घालून चौघांनी खांद्यावर न्यायची, असा मास्तरांचा कडक नियम.

पहिल्या दिवशी पाच गावचे पाच बैल एका गाड्याला जुंपल्यासारखं झालं. सनई पूर्वेला, पावा पश्चिमेला. पेटी मधेच अडून बसलेली. सूर्यभानाची पिशवी तर फौजेतली, ती आपल्या जागेवरून तसूभर हलणार नाही. सगळे एकमेकांना दोष देत होते तेव्हा भागूबाईनं आपल्या सुराच्या भोकावरचं मेण नखानं उकरलं, कमी केलं, परत दाबलं, फुंकून पाहिलं, परत उकरलं. असं करत करत तिनं आपला सूर पिशवीच्या सुराला नेऊन टेकवला आणि तिथे धरून ठेवला. मग गहिनीनाथानं सनईची जिभली बदलली. भीमानं संध्याकाळी नवा बांबू कापला. मास्तरांनी पेटीतली काळी पाच पट्टी थोडी घासली. चौथ्या दिवशी सगळे त्या एका सुरावर येऊन उभे राहिले आणि खडी फोडणारे हातोडी खाली ठेवून बघत राहिले.

काय वाजवायचे? काहीही. गोंधळाचा ठेका धरला की दस्तगीर त्यात मोहरमाचा ताशा मिसळायचा. पलटणीच्या कूचाची चाल सनईवर आली की ती वरातीसारखी नटायची. मास्तर प्रार्थनेतली चाल संथ सुरू करायचे आणि भीमा तिच्यात डोंगरातल्या नाचाचं पाऊल टाकायचा. गाणं कुणी म्हणत नव्हतं. कुठल्या देवाचं म्हणायचं हा प्रश्नच आला नाही. लोक त्याला खडीचा बाजा म्हणायला लागले.

एक गोष्ट मात्र लवकरच निघाली. सूर्यभानाच्या पिशवीला वर उभ्या तीन नळ्या होत्या, त्या आपोआप सूर देतात. कुणीतरी म्हणालंच, मग बाईचा सूर कशाला? सूर्यभानानं आठ दिवस दोन्ही सूर ऐकले. नवव्या दिवशी त्यानं आपल्या तिन्ही नळ्यांत कापडाचे बोळे कोंबले.

“माजा सूर नाकासमोर चालतो,” तो म्हणाला. “वैनींचा मागं वळून बगतो, कोन ऱ्हायलं का म्हनून.”

दुसऱ्या वर्षी पाऊस पडला, रस्ता संपला, माणसं पांगली. पण बाजारच्या दिवशी काष्टीला बाजा जमत राहिला. आणि त्र्याहत्तरच्या अखेरीस नगरहून कागद आला: जिल्ह्यातल्या लोकवाद्यांची स्पर्धा, निवडक पथकांना थेटरात वाजवायचं. सोबत एक तक्ता. वाद्य, वादक, गाव. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात सहा ओळी भरल्या. सहावी ओळ लिहिताना भागूबाई शेजारी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, ह्यातलं माझं कुठलं? मास्तरांनी बोट ठेवलं. ती बराच वेळ त्या बोटाखाली बघत राहिली.

एसटीच्या टपावर पेटी घालून मंडळी नगरला उतरली. स्टँडपासून थेटरापर्यंत नियमाप्रमाणे दोन बांबू, चार खांदे. सूर्यभान, दस्तगीर, मास्तर आणि भीमा. पुढे गहिनीनाथ वाट मोकळी करत, मागे भागूबाई गाठोडी घेऊन. वाटेत एका टांगेवाल्यानं घोडा थांबवून विचारलं, कुणाची पालखी म्हणायची ही?

“पेटीबाईची,” दस्तगीर म्हणाला. “नारळ फोड, मग पुढं जा.”

थेटराच्या मागच्या दारात चिटणीस आप्पासाहेब उभे होते. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून पोटात काही नाही, मोठे पाहुणे यायचे, एक पथक अर्ध्या वाटेवर गाडी बंद पडून अडकलेलं. घामानं टोपी भिजलेली. त्यांच्या हातात तोच तक्ता होता, आणि सहाव्या ओळीवर पेन्सिलीची आडवी रेघ.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. एका पथकात पाचच वादक, असा नियम. शिवाय सूर म्हणजे स्वतंत्र वाद्य नव्हे. तो पेटी देऊ शकते, पिशवी देऊ शकते. आणि आणखी एक, ते आवाज खाली करून मास्तरांना म्हणाले, पहिलंच पथक तुमचं. कार्यक्रमाच्या आरंभीच विधवा बाई गाल फुगवून समोर बसलेली, पुढच्या रांगेत काय म्हणतील?

आवाज खाली केला तरी सगळ्यांनी ऐकलं. सूर्यभानानं पिशवी खांद्यावर टाकली. “चला रे,” तो म्हणाला, “संध्याकाळची गाडी हाय.” भीमानं तर बांबूला हातही घातला.

“थांबा,” भागूबाई म्हणाली.

ती पहिल्यांदा आप्पासाहेबांच्या समोर आली. परत जायचं नाही, हे तिनं त्या क्षणी ठरवलं होतं. परत गेलो तर रेघ खरी ठरली. तिनं विचारलं, पडद्याआड बसले तर चालंल का? आप्पासाहेबांचा जीव भांड्यात पडला. विंगेत बसा, तिथे कुणाला दिसत नाही, आवाज येईल तेवढा येऊ द्या, कागदावर मात्र पाचच नावं.

“बसते,” ती म्हणाली. “पन आमची एक रीत हाय सायेब. सूर सगळ्यांच्या आदी लागंल आन सगळ्यांच्या शेवटी थांबंल. त्यात कुनी हात घालायचा न्हाई.”

“बरं बरं, पाळा तुमची रीत,” आप्पासाहेब म्हणाले आणि पाहुण्यांची मोटार आली म्हणून धावत गेले. आपण काय कबूल केलं याचा त्यांनी विचारच केला नाही.

सतरंजीवर बसताना गहिनीनाथानं भागूबाईचं घोंगडं मध्ये टाकलं. स्वयंसेवक उचलायला आला तर सूर्यभानानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. घोंगडं राहिलं.

तर तिथे आपण पडदा वर जाताना होतो.

सूर स्थिर झाला तशी सनई उठली. मग ताशा, पावा, पेटी, आणि सगळ्यांच्या मागून ती पिशवी, जिचा आवाज त्या थेटरानं कधी ऐकला नव्हता. बारा मिनिटं मिळाली होती. त्या बारा मिनिटांत पांढऱ्या अभ्र्यांवर बसलेल्या माणसांचे पाय हलायला लागले, आणि मागच्या बाकांवरून तर शिट्ट्या आल्या. विंगेतल्या भागूबाईला हे काहीच दिसत नव्हतं. तिला दिसत होती दोरीची एक गाठ. त्या गाठीवर डोळे लावून ती पाचही जणांना ऐकत होती. भीमाचा पावा घाईत थोडा चढला, तिनं सूर केसभर वर नेला, त्याला हाताशी घेतलं, परत खाली आणलं. मास्तरांचा पाय दमला, पेटी कण्हली. तिनं सूर भरून घेतला. बाहेर कुणाला कळलं नाही.

घंटा झाली. वेळ संपली. पाचही जण एका ठोक्यावर थांबले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडदा खाली आला.

सूर चालूच होता.

यात मंडळींची एक चूक झाली होती, ती सांगायला पाहिजे. खडीवर मुकादमाचा टोल पडला की सगळे उठायचे, बाजारात पांगापांग झाली की आपोआप थांबायचे. त्यामुळे थेटरात शेवट कसा करायचा, सुरानं कशावर थांबायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पालखी तर इथे नव्हती. भागूबाईच्या हे घंटा झाली तेव्हाच लक्षात आलं. ती थांबू शकली असती. डब्यावरून उठून, सूर पदराला पुसून, मागच्या दारानं बाहेर पडू शकली असती, आणि सगळे म्हणाले असते छान झालं. तिला भोंगा आठवला, शेवटच्या नावानंतर खरखरून बंद झालेला. तिनं नाकानं श्वास घेतला आणि गाल परत भरले.

टाळ्या थांबल्या तसा सूर उघडा पडला. लोक पुन्हा खाली बसले, त्यांना वाटलं अजून काही यायचंय. आप्पासाहेब विंगेत आले.

“बाई, झालं. संपलं. थांबा आता.”

तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तोंडात सूर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही. आपण बोलत राहतो आणि तो एकच उत्तर देत राहतो. आप्पासाहेबांनी नियम सांगितला. सूर. पाहुण्यांची वेळ सांगितली. सूर. हात जोडले. सूर. बाईमाणसाच्या तोंडातून वाद्य ओढून काढायचं धाडस त्यांना होईना, आणि दुसऱ्या कुणाला तसं सांगायची लाज वाटली. पुढचं लेझीमचं पथक पायऱ्यांवर ताटकळत उभं होतं. एक स्वयंसेवक म्हणाला, दमेल की आपोआप. तो काष्टीचा नव्हता.

दमली होतीच ती. जबडा कानापर्यंत दुखत होता, ओठांना संवेदना राहिली नव्हती, हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि ती पुसायलाही सवड नव्हती. पण हे सगळं तिला तांब्यातल्या पाण्यापासून ओळखीचं होतं. बुडबुडे थांबले की हरलो.

पडद्याबाहेर परीक्षकांमध्ये एक म्हातारे पखवाजवाले बसले होते. ते उठून रंगमंचाच्या कडेशी आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सूर चालू असताना पडदा पाडला कुणी? वर घ्या.”

पाहुण्यांच्या समोर आता हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. आप्पासाहेबांनी दोरीवाल्याला खूण केली. पडदा वर गेला, आणि भागूबाई डब्यावरून उठली. एका हातानं सूर, दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ सावरत ती विंगेतून बाहेर आली. दिव्यांनी तिचे डोळे दिपले. ती चाचपडली नाही. आपलं घोंगडं कुठे आहे ते तिला माहीत होतं. मध्यभागी जाऊन ती बसली, लोकांकडे तोंड करून, गाल फुगवून, मोकळ्या कपाळानं.

आता पुढे काय, हे तिच्या साथीदारांनाही कळेना. गहिनीनाथ तिच्या डोळ्यांकडे बघत होता. एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो सूर्यभानाच्या कानाशी लागला.

“वैनी पालखीची वाट बगत्यात.”

दस्तगीरानं ऐकलं. त्यानं ताशा गळ्यातून काढला आणि पेटीकडे पाहिलं. बांबू विंगेत भिंतीला टेकवलेले होते. भीमा जाऊन ते घेऊन आला. मास्तरांनी पेटीचं झाकण बंद केलं, वर आपलं उपरणं अंथरलं. चौघांनी खांदा दिला. गहिनीनाथानं सनई तोंडाला लावली आणि पालखी देवळात परत येतानाची चाल धरली, जी त्याच्या बापानं, आज्यानं वाजवली होती. तो पुढे, मागे एक फौजी, एक कल्हईवाला, एक मास्तर, एक डोंगरातला ठाकर, आणि त्यांच्या खांद्यावर प्रार्थनाघरातली कण्हणारी पेटी. सतरंजीभोवती एक फेरी. मागच्या बाकांवर कुणीतरी उभं राहिलं. मग त्याची रांग उभी राहिली, मग पुढची. काष्टीच्या जत्रेत पालखी दिसली की माणसं उठतात तशी.

फेरी पूर्ण झाली. चौघांनी गुडघे वाकवले आणि पेटी भागूबाईच्या समोर हलकेच टेकवली. लाकूड लाकडाला लागल्याचा बारीक आवाज आला.

भागूबाईनं सूर तोंडातून काढला.

थेटरात इतकी शांतता होती की पत्र्यावर कबुतरांची पावलं ऐकू येत होती. मग जे झालं ते लिहून सांगता येत नाही. खुर्च्या आदळल्या, टोप्या उडाल्या, पांढरे अभ्रे घसरून खाली आले. आप्पासाहेब कोपऱ्यात उभे होते. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. त्यांनी खिशातून तक्ता काढला, पेन्सिलीची रेघ बोटानं पुसायचा प्रयत्न केला, ती आणखीच पसरली. शेवटी त्यांनी कागद उलटा केला, रंगमंचावर आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, बाई, नाव सांगा. पूर्ण सांगा, मालकांच्या नावासकट.

गहिनीनाथ सवयीनं पुढे झाला. भावजयीच्या वतीनं ते नाव सांगायचं काम त्याचंच होतं. त्यानं तोंड उघडलं, तोच तिनं हात वर करून त्याला थांबवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, ओठ एकदा दाबून पाहिले, शब्द निघतो का म्हणून. जे नाव तिनं उभ्या जन्मात एकदाच, तेही उखाण्यात लपवून घेतलं होतं, ते तिनं भरल्या थेटरात, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं घेतलं.

“लिवा सायेब. सूर. भागूबाई पुंजाराम.”